विश्लेषण : जगात सर्वाधिक लोखंड कोण बनवतो? उत्तरे तीन आणि तिन्ही बरोबर!

‘जगात सर्वाधिक लोखंड उत्पादन करणारा देश कोणता?’ स्पर्धा परीक्षांच्या तयारीत हमखास येणारा हा प्रश्न. इंटरनेटवर शोधले तर एका ठिकाणी उत्तर मिळते ऑस्ट्रेलिया, दुसऱ्या ठिकाणी चीन. आणि लोखंडाचा एक प्रकार असाही आहे, ज्यात गेली अनेक वर्षे पहिला क्रमांक भारताचा आहे. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण तिन्ही ठिकाणी मोजलेली वस्तू वेगळी आहे. हा केवळ सामान्यज्ञानाचा घोळ नाही. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाने आयात पोलादावर कार्बनचा हिशेब लावायला सुरुवात केली आहे आणि त्या हिशेबात लोखंड कोणत्या भट्टीत बनले यालाच महत्त्व आहे. भारताचा पहिला क्रमांक नेमका तिथे अडचणीचा ठरू शकतो.

नेमके काय मोजले जाते?

जमिनीतून निघते ते लोहखनिज. त्यात लोह सुटे नसते, ऑक्सिजनशी बांधलेले असते. शुद्ध हेमेटाइट घेतले तरी त्यात लोह असते ७० टक्के, बाकीचा ऑक्सिजन. हा ऑक्सिजन काढून टाकणे म्हणजेच लोखंड बनवणे. त्याचे प्रमुख मार्ग दोन. झोतभट्टीत, म्हणजे ब्लास्ट फर्नेसमध्ये, खनिज आणि कोक एकत्र तापवला जातो आणि खाली वितळलेले लोखंड जमा होते. त्यात चार टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, ते ठिसूळ असते. हे पिग आयर्न. दुसऱ्या मार्गात खनिज वितळू न देताच त्यातला ऑक्सिजन काढतात. ऑक्सिजन निघून गेलेल्या जागी बारीक छिद्रे उरतात, म्हणून ते स्पंज आयर्न. या दोहोंपासून किंवा भंगारापासून पुढे पोलाद बनते.

थोडक्यात, खनिज, पिग आयर्न, स्पंज आयर्न आणि पोलाद अशा चार वेगळ्या याद्या आहेत. (इंजिनीअरिंगला लोह-कार्बनची आकृती घोकून पास झालेल्या अस्मादिकांना हा फरक बातम्या लिहायला लागल्यावरच नीट समजला, हेही सांगून टाकतो.)

२०२३ चे ढोबळ आकडे पाहा. जगात सुमारे २५० कोटी टन वापरयोग्य लोहखनिज निघाले. त्यात ऑस्ट्रेलियाचे सुमारे ९५ कोटी, ब्राझीलचे सुमारे ४४ कोटी, चीनचे २८ कोटींच्या आणि भारताचे २७ कोटींच्या आसपास. पिग आयर्नच्या यादीवर नजर टाकली की चित्र उलटे होते. जगभरच्या सुमारे १३० कोटी टनांपैकी एकट्या चीनचे ८७ कोटी टन. दुसऱ्या क्रमांकावरचा भारत साडेआठ कोटींच्या आसपास, म्हणजे चीनच्या एक दशांश. त्यानंतर जपान, रशिया, दक्षिण कोरिया. ऑस्ट्रेलिया या यादीत शोधावा लागतो.

अमेरिकेचे उदाहरण आणखी गमतीचे. तिथे वर्षाला आठ कोटी टनांच्या आसपास पोलाद बनते, पण पिग आयर्न त्याच्या साधारण पाव पट. बाकीचे काम जुन्या गाड्या, पूल आणि यंत्रांच्या भंगारावर, विजेच्या भट्ट्यांत चालते. जे देश शंभर-दीडशे वर्षांपूर्वी औद्योगिक झाले, त्यांच्याकडे आज भंगाराचीच खाण आहे.

चीनचे दीडशे कोटी टन कुठे गेले?

अमेरिकेच्या भूगर्भीय सर्वेक्षण संस्थेचा वार्षिक तक्ता या विषयात जगभर वापरला जातो. त्या तक्त्यात २०१४ साली चीनच्या नावावर सुमारे १५० कोटी टन लोहखनिज होते आणि ऑस्ट्रेलियाच्या नावावर ६६ कोटींच्या आसपास. दोनच वर्षांनंतरच्या तक्त्यात चीनचा २०१५ चा आकडा दिसतो सुमारे ३७ कोटी! खाणी बंद पडल्या नव्हत्या, मोजमाप बदलले होते.

चीनच्या खाणींतले बरेचसे खनिज कमी प्रतीचे. त्यात लोह ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. पूर्वी खाणीतून निघालेला सगळा दगड मोजला जाई. पुढे तो इतर देशांच्या, म्हणजे साधारण ६० टक्क्यांच्या प्रतीच्या मापात बदलून मोजला जाऊ लागला आणि चीन पहिल्यावरून तिसऱ्या क्रमांकावर आला. जुन्या पुस्तकांत चीन आणि नव्यांत ऑस्ट्रेलिया दिसतो त्याचे कारण हे.

हीच कमी प्रत चीनला समुद्राकडे बघायला लावते. २०२४ मध्ये चीनने सुमारे १२४ कोटी टन लोहखनिज आयात केले. त्यातला सर्वात मोठा वाटा ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागातून येतो. तिथे अडीच-अडीच किलोमीटर लांबीच्या मालगाड्या चालकाविना बंदरापर्यंत धावतात आणि त्यांचे नियंत्रण पर्थमध्ये बसून होते. ऑस्ट्रेलियाने १९३८ मध्ये लोहखनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली होती. साठे पुरणार नाहीत, असे कारण तेव्हा देण्यात आले. ती १९६० मध्ये उठली आणि पुढे तोच देश जगाचा सर्वात मोठा पुरवठादार झाला.

मग ऑस्ट्रेलिया स्वतः लोखंड का बनवत नाही? एक कारण भूगोलाचे. खनिज पश्चिमेला, कोकसाठीचा उत्तम कोळसा पूर्वेला क्वीन्सलँडमध्ये, मध्ये अख्खा खंड आणि देशातली मागणी अगदी थोडी. त्यामुळे खनिज जहाजाने चीनला जाते, आणि कोळसा? त्याचा एक मोठा ग्राहक भारत आहे.

गोव्याने हेच छोट्या प्रमाणात अनुभवले. तिथले कमी प्रतीचे खनिज आधी जपानला आणि नंतर चीनला गेले. २०१०-११ च्या सुमारास निर्यात वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात होती. बेकायदा उत्खननाची प्रकरणे बाहेर आल्यावर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या तर फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. ट्रक, बार्ज आणि गॅरेजवर चालणाऱ्या डिचोली-सांगे पट्ट्याचे अर्थकारण त्यात कोलमडले. लिलावानंतर २०२४ पासून खाणकाम हळूहळू परतते आहे.

भारत पहिला का?

कारण कोळसा. आपल्याकडे कोळसा भरपूर आहे, पण झोतभट्टीला लागणारा कोक ज्यापासून बनतो तो कोळसा फार कमी. झरियासारखे मोजके पट्टे आणि तिथल्या कोळशातही राख जास्त. त्यामुळे मोठ्या पोलाद कारखान्यांना लागणाऱ्या कोकिंग कोळशापैकी बहुतांश आयात करावा लागतो. भंगारही पुरेसे नाही. इराण किंवा सौदी अरेबियासारखा स्वस्त नैसर्गिक वायू नाही.

यातून वाट निघाली ती साध्या कोळशावर स्पंज आयर्न बनवण्याची. १९८० मध्ये आजच्या तेलंगणातील पालोंचा येथे सरकारी प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. हा कोळसा चालतो हे दिसल्यावर नव्वदनंतर छत्तीसगड, ओडिशा, झारखंड, पश्चिम बंगाल आणि कर्नाटकात लहान-मोठ्या भट्ट्यांचे पेव फुटले. रायगड जिल्ह्यातील डोलवीसारखे वायूवर चालणारे प्रकल्पही आले, पण ते मोजकेच. आज देशातील सुमारे चार पंचमांश स्पंज आयर्न कोळशावर बनते.

भट्टी म्हणजे जरा कललेला, संथ फिरणारा लांबलचक नळा. एका बाजूने खनिजाचे तुकडे आणि कोळसा आत जातो. हजार-अकराशे अंश तापमानात काही तास घालवून माल दुसऱ्या टोकाला येतो, तिथे तो थंड करतात आणि लोहचुंबकाने लोखंड वेगळे काढून जळका कोळसा बाजूला पाडतात. भांडवल कमी, जागा कमी. २०२३ मध्ये जगात साडेतेरा कोटी टनांच्या आसपास स्पंज आयर्न बनले, त्यातले सुमारे पाच कोटी टन भारतात. दुसऱ्या क्रमांकावर इराण, सुमारे तेहतीस लाख नव्हे, तीन कोटी तेहतीस लाख टनांच्या आसपास.

हे स्पंज आयर्न जाते कुठे? घराच्या स्लॅबमध्ये. जालन्यातील कारखाने इंडक्शन भट्टीत भंगाराबरोबर स्पंज आयर्न वितळवतात, त्याचे बिलेट ओततात आणि लाटून सळ्या करतात. महाराष्ट्रात बांधकाम सुरू असलेल्या कुठल्याही इमारतीखाली उभे राहिलात तर डोक्यावर यातले काही ना काही असण्याची शक्यता बरीच आहे.

अडचण कुठे आहे?

ऑक्सिजन काढण्यासाठी कार्बन वापरला की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडणारच. किती, हे मार्गावर ठरते. भंगार वितळवून बनवलेल्या टनभर पोलादामागे साधारण पाऊण टन किंवा त्याहून कमी, वायूवरच्या स्पंज आयर्नपासून बनवले तर दीड टनाच्या आसपास, झोतभट्टीतून सव्वादोन टन. कोळशावरचे स्पंज आयर्न या सगळ्यांच्या वर. म्हणूनच भारतीय पोलादाची सरासरी टनामागे अडीच टनांच्या आसपास आहे आणि जगाची दोनच्या आत. शिवाय धूळ वेगळीच. रायपूरजवळच्या सिलतरा-उरला पट्ट्यातील छपरांवर बसणाऱ्या काळ्या थराच्या तक्रारी वर्षानुवर्षे सुरू आहेत.

युरोपच्या ‘सीबॅम’ यंत्रणेत ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यावी लागत होती. आता आयातदाराला मालातील कार्बनपोटी प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागणार आहेत. याचा पहिला फटका निर्यात करणाऱ्या मोठ्या कंपन्यांना बसेल. जालन्याची सळई युरोपला जात नाही, त्यामुळे छोट्या भट्ट्यांना आज थेट धग नाही. पण मोठ्या कंपन्या स्वच्छ माल युरोपसाठी राखून ठेवतील आणि कोळशावरचा माल देशातच राहील, ही शक्यता मला जास्त खरी वाटते. म्हणजे युरोपच्या कागदावर उत्सर्जन घटेल आणि सिलतऱ्यातले छप्पर काळेच राहील.

कोळशाऐवजी हायड्रोजन वापरला तर कार्बन डायऑक्साइडऐवजी पाण्याची वाफ निघते. स्वीडनमध्ये असे लोखंड प्रायोगिक प्रमाणात बनलेही आहे. मात्र त्यासाठी स्वस्त हरित वीज हवी आणि उच्च प्रतीचे खनिजही. गिनीमधील सिमांडू खाणीतून २०२५ च्या अखेरीस सुरू झालेल्या पुरवठ्याकडे जगाचे लक्ष आहे ते यामुळेच. तिथल्या खनिजात लोह ६५ टक्क्यांच्या आसपास आहे.

गडचिरोलीचा संबंध काय?

महाराष्ट्रातील उत्तम प्रतीचे लोहखनिज गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात, सुरजागडच्या डोंगरात आहे. खाणपट्टा २००७ मध्ये मिळाला, पण नक्षलवादी हिंसाचार आणि स्थानिक विरोध यांमुळे नियमित उत्खनन २०२१ पासूनच सुरू झाले. २०२३ मध्ये वार्षिक क्षमता ३० लाख टनांवरून एक कोटी टन करण्याला पर्यावरण मंजुरी मिळाली, पुढे ती आणखी वाढवण्यात आली. याच डोंगरावर माडिया आदिवासींचे ठाकूरदेवाचे स्थान आहे आणि तिथल्या ग्रामसभांचा विरोध जुना आहे. खनिजाच्या ट्रकांनी आलापल्ली-आष्टी रस्त्याची काय दशा केली, हे त्या रस्त्याने एकदा गेलेल्या कोणालाही विचारावे.

गोव्यात आणि इथे एक फरक आहे. गोव्याचे खनिज बहुतेक परदेशात गेले. सुरजागडचे खनिज जिल्ह्यातच, चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे लोखंडात बदलण्याचा बेत आहे. तिथे स्पंज आयर्न बनू लागले आहे आणि पोलाद प्रकल्पाची उभारणी सुरू आहे. खनिज भुकटीच्या रूपात पाण्याबरोबर वाहून नेणाऱ्या नळामुळे रस्त्यावरचे काही ट्रकही कमी व्हावेत.

ते लोखंड कोणत्या वर्गात मोडेल, यासाठी आता देशी मापही आहे. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर तीन तारे, १.६ च्या खाली असेल तर पाच. कोळशावर बनवलेले स्पंज आयर्न मुख्य कच्चा माल असलेल्या पोलादाला आजच्या घडीला एकही तारा मिळणे कठीण आहे. ही मर्यादा दर तीन वर्षांनी तपासली जाणार आहे.