उष्णतेंत तग धरणारा धातु

किर्लोस्करवाडी तासगांवाहून फार दूर नाहीं. तेथें १९१० सालीं कारखाना उभा राहिला, तेव्हांपासून धातूचा रस साच्यांत ओतण्याची विद्या आमच्या भागांतील लोकांस परिचित आहे. याच ओतकामाचें एक अत्यंत कठीण रूप विमानाच्या इंजिनांत आढळतें. त्याची ओळख आम्ही येथें थोडक्यांत करून देतों.

जेट इंजिनांतील टरबाइनचें चक्र मिनिटास हजारों फेरे घेतें. त्याच्या परिघावरील पात्यांवर जळत्या वायूचा झोत सतत आदळतो. हा वायु पात्याच्या धातूच्या वितळबिंदूहूनही अधिक तप्त असतो. पात्याच्या पोटांतून तुलनेनें थंड हवा खेळविलेली असते, म्हणूनच तें वितळत नाहीं. तरीही धातु सुमारें १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, आणि चक्राच्या वेगामुळें पातें एकसारखें बाहेर ओढलें जातें. अशा वेळीं धातु एकदम तुटत नाहीं. मुंगीच्या पावलानें लांबत जातो. यास विसर्पण म्हणतात. लांबलेलें पातें कवचास घासलें किंवा तुटलें, तर प्रवाशांचे प्राण संकटांत येतात.

साधा ओतींव धातु गुळाच्या ढेपेसारखा असंख्य कणांचा बनलेला असतो, व फार तापला कीं कणांच्या सीमा सरकूं लागतात. म्हणून हें पातें खडीसाखरेच्या एका खड्याप्रमाणें एकाच स्फटिकाचें घडवितात. साच्याच्या बुडाशीं वळणावळणाची अरुंद वाट ठेवतात. तींतून एकच स्फटिक पार होतो. पुढें साचा भट्टींतून सावकाश खालीं उतरविला, कीं तोच स्फटिक सर्व पातें व्यापतो.

सीमा गेल्या, तरी स्फटिकाच्या आंतील अणूंच्या रांगा सरकूं शकतात. त्यांना आवर घालण्याचें काम निकेलमध्यें मिसळलेलीं द्रव्यें करितात. ॲल्युमिनियम, टायटॅनियम व टँटलम यांच्यामुळें निकेलच्या पोटांत अतिसूक्ष्म घनाकार विटा तयार होतात. एका विटेची बाजू मिलिमीटरच्या सुमारें दोन हजाराव्या भागाएवढी असते, आणि सगळ्या विटा मिळून धातूचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग व्यापतात. विटांमधील चुन्यासारख्या भागास टंगस्टन, मॉलिब्डेनम व ऱ्हेनियम बळकटी देतात. यांत ऱ्हेनियमचे अणु सर्वांत मंद चालीचे. त्यांच्यामुळें इतर अणूंचीही हालचाल रेंगाळते. १९२५ सालीं शोध लागलेलें हें दुर्मिळ मूलद्रव्य शेंकडा तीनच घातलें, तरी पातें सुमारें ३० अंश अधिक उष्णता सोसतें.

मग तें पुष्कळ कां घालूं नये? कारण ऱ्हेनियम, टंगस्टन व क्रोमियम अति झाल्यास धातूंत ठिसूळ सुयांसारखे स्फटिक उगवतात व मिळविलेली शक्ति नाहींशी होते. रुथेनियम या सुयांस अटकाव करितें, परंतु तें फार महाग आहे. क्रोमियम धातूस गंजापासून राखतें. ऱ्हेनियमसाठीं तें कमी करावें, तर पात्यावर संरक्षक लेप चढवावा लागतो. येथें प्रत्येक गुणाची किंमत दुसऱ्या गुणानें चुकवावी लागते.

ही विद्या थोड्याच देशांस साधली आहे. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान संशोधन प्रयोगशाळेनें २०२१ सालीं हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठीं अशीं ६० पातीं हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिलीं. विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें, कीं नुसतीं कठीण द्रव्यें एकत्र केल्यानें बळ येत नाहीं. कोणतें द्रव्य, कोठें व किती, हें जाणण्यांतच खरें शास्त्र आहे. त्याचा आरंभ शाळेंतील रसायनाच्या तराजूपासूनच होतो.