‘अ’ तुकडी कोणाची?

समजा, परतूर तालुक्यातल्या शाळांमध्ये चौथीची वाचनचाचणी घेतली. मुलांच्या गुणांमधल्या फरकात शाळेचा वाटा किती आणि तुकडीचा किती, हे बहुस्तरीय मॉडेलने काढायचं; पण तक्त्यात तुकडीच्या रकान्यात नुसतं ‘अ’ किंवा ‘ब’. सॉफ्टवेअर बिचारं आष्टीची ‘अ’ आणि वाटूरची ‘अ’ एकच धरतं! शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक तुकडीला जोडला, की हा घोळ मिटतो.

खरी गोची वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत. तिथे चौथीची तुकडीच एक, म्हणजे शिकवणाऱ्या बाईही एकच. अशाच शाळा असतील, तर मुलांमधला फरक शाळेमुळे की बाईंमुळे, हे आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. मॉडेल अडतं, नाहीतर कधी तुकडीचा वाटा शून्य दाखवतं. त्यावरून ‘शिक्षकाने काही फरक पडत नाही’ म्हणणं हा शुद्ध आचरटपणा. तुकडीची पातळी गाळावी आणि निष्कर्षात ‘शाळा व तुकडी मिळून’ असं सरळ लिहावं.