करवत विजेची, काळजी डाव्या हाताची

गावच्या सुताराच्या हातातली करवत आपण सर्वांनी पाहिली आहे. एक पाय फळीवर, नजर रेघेवर, आणि हात थांबला की करवत थांबली. चुकून बोटाला लागली तर चिंधी बांधून काम पुन्हा सुरू. विजेच्या करवतीचा हिशेब निराळा आहे. तिचे दहा इंची पाते मिनिटाला साडेचार ते पाच हजार फेरे घेते. म्हणजे पात्याचे दाते ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतात. डोळ्यांनी पाहावे, मनाला समजावे आणि हात मागे घ्यावा, एवढी सवड ती देत नाही.

म्हणून यंत्र वाईट, असे मात्र नाही. दाराची चौकट, खिडकीची पट्टी, शेळ्यांच्या गोठ्याच्या रिपा, कोंबड्यांचे खुराडे अशी कामे घरच्या घरी होऊ लागली आहेत. त्यासाठी कंपाउंड मायटर सॉ नावाची करवत पुष्कळ ठिकाणी आली आहे. लोखंडी बैठकीवर पाते वरून खाली येते. बैठक फिरवली की पाते डावी-उजवीकडे वळते, आणि मानेपाशी सैल केले की आडवे कलते. त्यामुळे ४५ अंशाचा तिरका सांधा गुण्या लावून रेघ न मारताही नेमका जुळतो.

डावा हात कोठे आहे?

बहुतेक माणसे उजव्या हाताने मूठ दाबतात व डाव्या हाताने लाकूड धरतात. म्हणून धोका आहे तो डाव्या हाताला. बटण दाबण्यापूर्वी दर वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारा, "माझा डावा हात कोठे आहे?" पात्याच्या वाटेपासून तो निदान सहा इंच तरी दूर हवा. लाकूड एवढे आखूड असेल की हात दूर राहूच शकत नाही, तर ते हाताने धरू नका. यंत्राबरोबर शिकंजा येतो, दुकानात त्याला क्लँप म्हणतात. तो आवळा. अगदी लहान तुकडा हवा असेल तर लांब पट्टी घेऊन तिच्या टोकाचा तुकडा कापा.

उजवीकडचे लाकूड धरण्यासाठी डावा हात पात्यापुढून पलीकडे नेऊ नका. हातांची अशी कात्री कधीही करू नये.

पाते डावीकडे वळवले किंवा कलवले की त्याची वाटही बदलते. मघाशी सुरक्षित असलेली जागा आता त्याच्या वाटेत येऊ शकते. म्हणून कोन बदलला की प्लग काढा आणि पाते हलकेच खाली आणून, ते कोठून जाते ते एकदा बघून घ्या.

लाकूड कसे ठेवावे

लाकडामागे उभी आधारपट्टी असते. लाकूड तिला व बैठकीला घट्ट भिडलेले हवे. खालच्या बाजूला पात्याचे दाते मागे धावतात. लाकूड आधारपट्टीपासून सुटे असेल तर ते झटक्याने मागे ओढले जाते आणि धरलेला हातही त्याबरोबर जातो. वाकडी रीप असेल तर फुगीर बाजू आधारपट्टीकडे करा, नाहीतर कापताना फट मिटते व पाते अडकते. लांब वाशाच्या दोन्ही टोकांना बैठकीच्या उंचीचा टेकू द्या. गोल ओंडका किंवा जळाऊ फांदी या यंत्रात घालू नये, ती पात्याखाली गरगरते. जुन्या घराचे लाकूड असेल तर खिळे आधी काढा.

पाते पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला टेकवा व सावकाश दाबा. काप झाला की बटण सोडा, पाते खालीच धरा आणि ते थांबल्यावर वर घ्या. फिरत्या पात्याजवळचा तुकडा उचलायला हात घालू नका. सर्वांत जास्त मोह येथेच होतो.

पात्यावरचे झाकण आपोआप उघडते व मिटते. दिसत नाही म्हणून काही जण ते तारेने वर बांधतात. तसे करू नका. तसेच, हाताच्या ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते लावून काम भागवू नका. ते अडकले की ग्राइंडर हातातून उसळतो.

वीज, कपडे आणि मुले

विहिरीच्या पंपाला आपण ऑटो लावतो. वीज आली की पंप चालू. करवतीला हा न्याय लावू नका. वीज गेली की लगेच बटण सोडा व प्लग काढा. पाते बदलताना, कोन बदलतानाही प्लग बाहेर हवा. तीन पिनांचा प्लग असेल तर तिसरी पिन तोडू नका, अर्थिंग तपासून घ्या. यंत्र दीड-दोन हजार वॅटचे असते. लांब, बारीक वायर तापते, म्हणून जाड वायर वापरा.

उपरणे, पदर, सैल बाही, बांगड्या, हातमोजे यांतले काहीही फिरत्या पात्याजवळ नको. डोळ्यांना चष्मा, नाकाला फडके किंवा मास्क हवा. बारीक भुसा छातीत जातो. मुलांना अंगणाबाहेर ठेवा. थकवा आला असेल, दारू घेतली असेल किंवा उजेड कमी असेल तर यंत्राला हात लावू नये.

अपघात झालाच तर

हळद, चुना, राख काही लावू नका. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा व हात वर उचलून ठेवा. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, फोन करा. बोट तुटले असेल तर ते ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात बुडवू नका. जखमीबरोबरच ते दवाखान्यात न्या. जितक्या लवकर पोहोचाल तितकी ते जोडले जाण्याची आशा अधिक. ही माहिती यंत्र चालवणाऱ्यापेक्षा घरातल्या बाकीच्या मंडळींना हवी, कारण त्या वेळी धावपळ त्यांनाच करायची असते.

यंत्र नवे असेल तर पहिले आठ दिवस टाकाऊ फळीवर सरळ काप मारा. तो हातात बसला की तिरका, आणि मग कलता. जमल्यास गावच्या सुताराला बोलावून एकदा समोर कापून घ्या. लाकडाचा पीळ कोणत्या बाजूला आहे हे त्याला चांगले कळते, आणि ते ज्ञान कोणत्याही यंत्राबरोबर खोक्यात येत नाही.