तंबाखू सुटत का नाही? तलफ समजून घेऊया



31 मे हा जागतिक तंबाखू विरोधी दिन. त्या दिवशी आपल्या शाळांना उन्हाळी सुट्टी असते. म्हणून जूनमध्ये शाळा उघडली की परिपाठात तंबाखूमुक्तीची शपथ होते. मुलं घरी जाऊन सांगतात, "बाबा, तंबाखू सोडा ना." लेकराच्या शब्दाखातर बाबा खरंच सोडतात. एक दिवस जातो, दुसरा जातो आणि तिसऱ्या दिवशी चंची परत खिशात! मग घरात सगळे म्हणतात, "यांच्या मनातच नाही सोडायचं."

हे बोलणं बहुतेक वेळा चुकीचं असतं. तिसऱ्या दिवशी शरीरात नेमकं काय घडतं हे कळलं, तर आपण टोमणे मारायचं सोडून मदत करायला लागू. म्हणून आज तलफेचा धडा.

प्रश्न किती मोठा आहे?

2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ 3.8 टक्के, तर तंबाखू खाणारे किंवा दाताला लावणारे 24.4 टक्के. म्हणजे दर चार मोठ्या माणसांत जवळपास एक. यात बायकाही आहेत, कारण मिश्री हीसुद्धा तंबाखूच. भाजून पूड केली, दाताला लावली म्हणून ती औषध होत नाही. हिरड्या थोडा वेळ बधिर होतात, ठणका कमी वाटतो, पण दाताचा रोग आत तसाच राहतो.

आपल्या नांदेड-लातूर भागात हे वेगळं सांगायला नको. मुखेड-कंधारच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीला जाणारी माणसं असोत की सोयाबीन काढणारे मजूर, भूक मारायला आणि थकवा विसरायला बार भरला जातो. निकोटिनने भूक खरंच दबते. म्हणून कष्टाच्या कामात ही सवय लवकर लागते आणि पक्की होते.

चुना कशासाठी?

तंबाखू मळताना चुना का लावतात, असं विचारलं तर उत्तर मिळतं, "त्याशिवाय लागत नाही." हे उत्तर शास्त्राला धरून आहे! चुना हा अल्कली आहे. तांबडा लिटमस कागद ओल्या चुन्याला लावला तर निळा होतो, हे आपण वर्गात दाखवतो. (प्रयोग शिक्षकांनीच करावा, चुना मुलांच्या डोळ्यांत जाऊ देऊ नये.) अल्कलीमुळे तंबाखूतलं निकोटिन अशा रूपात येतं, की ते गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून सहज रक्तात शिरतं. तिथून ते मेंदूत पोचतं आणि मेंदू डोपामिन नावाचं रसायन सोडतो. माणसाला बरं वाटतं, हुशारी वाटते.

चुना त्याच वेळी गालाची आतली त्वचा भाजतोही. त्याच जागी रोज तंबाखू बसते, आणि तंबाखूत कर्करोग करणारी रसायनं असतात.

तिसऱ्या दिवशी काय होतं?

रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. निकोटिनची सवय झालेला मेंदू मग परत मागणी करतो. ही मागणी म्हणजे तलफ. रात्रभर झोपेत निकोटिन उतरतं, म्हणून कित्येकांना सकाळी उठल्याबरोबर आधी बार लागतो.

तंबाखू बंद केली की काही तासांतच चिडचिड सुरू होते. झोप लागत नाही, कामात लक्ष राहत नाही, डोकं दुखतं, भूक वाढते. हा त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. नंतर तो हळूहळू उतरत जातो आणि तीन-चार आठवड्यांत बराच कमी होतो. आता बघा, बाबांनी हार मानली तो दिवस सगळ्यात अवघड होता. तो ओलांडला असता तर पुढची वाट उताराची होती. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"खाल्ल्याशिवाय पोट साफ होत नाही," ही तक्रारही खोटी नसते. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते. सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठता होऊ शकते. सकाळी कोमट पाणी, जेवणात ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू यांनी ती सवय परत लागते.

मोठ्या माणसांनाही जड जातं

महाराष्ट्राचे गृहमंत्री राहिलेले आर. आर. पाटील, म्हणजे आपले आबा. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान त्यांनी गावोगावी नेलं. त्यांना तंबाखूची सवय होती. 16 फेब्रुवारी 2015 रोजी तोंडाच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं. शरद पवार यांना 2004 मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करावी लागली. तंबाखू-सुपारी खाल्ल्याचा पश्चात्ताप होतो, कुणी वेळीच सावध करायला हवं होतं, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. दोघेही करारी माणसं. नुसत्या इच्छाशक्तीने हे सुटत असतं, तर त्यांच्यापेक्षा जास्त इच्छाशक्ती कुणाकडे होती?

घरी काय करता येईल?

1. तारीख ठरवा. लग्नसराई, सुगी, भांडणाचे दिवस टाळा. आदल्या रात्री चंची, चुन्याची डबी, पुड्या घराबाहेर काढा.

2. घरात सांगून ठेवा, "पुढचे चार दिवस मी चिडेन, सांभाळून घ्या." घरच्यांनीही त्या दिवसांत पैशांचे, शेताचे वाद काढू नयेत.

3. तलफ लाटेसारखी येते आणि काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा. घोट घोट पाणी प्या, सावकाश खोल श्वास घ्या, जागा बदला, हाताला काम द्या.

4. तोंडात बडीशेप, लवंग, ओवा किंवा फुटाणे ठेवा. सुपारी मात्र नको. तंबाखू नसलेल्या सुपारीनेही कर्करोग होतो, आणि तिच्यामुळे गालाची आतली त्वचा कडक होऊन तोंड उघडेनासं होतं.

5. सवय कुठे चिकटली आहे ते ओळखा. जेवणानंतर, चहानंतर, पारावर, मोटारसायकल काढताना? सुरुवातीचे तीन आठवडे पारावर बसणं टाळलं तरी खूप फरक पडतो. "घे रे थोडी" म्हणणाऱ्या मित्राला काय उत्तर द्यायचं, ते आधीच ठरवून ठेवा.

6. एखाद्या दिवशी बार भरलाच, तर "संपलं सगळं" म्हणू नका. तो कुठे, कुणासोबत भरला ते आठवा आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू करा. बरेच जण दोन-चार प्रयत्नांनंतरच सोडू शकतात.

7. मदत मागा. 1800-11-2356 या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळतं. निकोटिनचं च्युइंगमही मिळतं, पण ते किती आणि कसं घ्यायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

तोंड तपासायलाही विसरू नका. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत बरी न झालेली जखम, तिखट अजिबात सहन न होणं, किंवा आपलीच तीन बोटं उभी तोंडात न मावणं, यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नका. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथल्या कान-नाक-घसा विभागात दाखवा. लवकर सापडलेला रोग बरा होण्याची शक्यता खूप जास्त असते.

शाळेत आपण काय करायचं?

2003 च्या कायद्यानुसार शाळेपासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 91 मीटरमध्ये, तंबाखू विकता येत नाही. 18 वर्षांखालच्या मुलाला ती विकणंही गुन्हा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 77 नुसार मुलाला तंबाखू देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. गुटख्यावर तर राज्यात 2012 पासून बंदी आहे. तरीही "जा रे, पुडी घेऊन ये," म्हणून लेकरालाच टपरीवर पाठवलं जातं. पालकहो, एवढी एक गोष्ट आजपासून बंद करा. पुडीचा भाव आणि नाव ज्याला पाठ आहे, त्या मुलाला ती परकी वाटत नाही.

आणि शिक्षक मित्रांनो, आपल्यातलेही काही जण खातात. मधल्या सुट्टीत भिंतीआड जाऊन मळली तरी मुलांना कळतं. त्यांना रागावून लाजवण्यापेक्षा त्यांच्यासोबत तारीख ठरवूया. पुढच्या पालक सभेत शपथ जरूर घ्या, पण शपथेनंतर पाच मिनिटं हा तिसऱ्या दिवसाचा धडाही सांगा. आणि त्या तिसऱ्या दिवशी, जो कुणी सोडतो आहे त्याला एक फोन करा. "आज सगळ्यात अवघड दिवस आहे, उद्यापासून सोपं होत जाईल," एवढं वाक्य पुरेल.