खाटीक पक्ष्याचे शास्त्रीय नाव : मतभेद आणि त्यांचा बोध

बांधावरील बाभळीच्या शेंड्यावर किंवा तारेवर ताठ बसून जमिनीकडे टक लावणारा, डोळ्यांवरून काळा पट्टा गेलेला पक्षी शेतकरी बंधूंच्या परिचयाचा आहे. नाकतोडे, अळ्या, सरडे आणि प्रसंगी लहान उंदीर पकडून तो भक्ष्य काट्याला टोचून ठेवतो. यास्तव त्यास खाटीक म्हणतात. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५८ साली दिलेल्या ‘लॅनियस’ या प्रजातिनामाचा लॅटिन भाषेतील अर्थही खाटीक असाच आहे.

तथापि लिनियसच्या ‘लॅनियस’मध्ये केवळ आजचे खाटीक नव्हते. लाल गालाचा बुलबुल आणि पांढऱ्या पोटाचा कोतवाल यांनाही त्याने त्यातच घातले होते. पुढे अभ्यास वाढला तसे हे पक्षी निरनिराळ्या कुलांत गेले. उलटपक्षी, इंग्रजीत ‘वुडश्राइक’ म्हणविला जाणारा पक्षी नावाने खाटीक असला, तरी खाटीक कुलातील नाही. अर्थात केवळ बोलीतील नावावरून नाते ठरत नाही.

नावाचा सर्वांत मोठा वाद आपल्या दख्खनच्या माळरानावरील मोठ्या राखी खाटकाविषयी आहे. मुंबई सरकारच्या सेवेत असताना दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करणारे कर्नल साइक्स यांनी १८३२ साली या पक्ष्याचे वर्णन ‘कोल्युरिओ लाहटोरा’ या नावाने प्रसिद्ध केले. ‘लाहटोरा’ हा शब्द ‘लटोरा’ या हिंदी लोकनामाचेच रूप होय. पुढे हा पक्षी ‘लॅनियस’मध्ये गेला. मूळ प्रजाती बदलली की प्रथम वर्णन करणाऱ्याचे नाव कंसात लिहावे, असा नियम आहे. म्हणून पुस्तकांत ‘(साइक्स, १८३२)’ असे आढळते.

यानंतरचा प्रश्न असा की, हा पक्षी स्वतंत्र जाती मानावी की उपजाती? सलीम अली व रिप्ले यांनी त्यास युरोपातील ‘लॅनियस एक्स्क्युबिटर’ची उपजाती मानले. विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेकांनी रंग, अधिवास व सवयी पाहून त्यास दक्षिणेकडील ‘लॅनियस मेरिडिओनालिस’मध्ये घातले. परंतु २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात, स्पेनकडील खरा ‘मेरिडिओनालिस’ आपल्या पक्ष्याचा जवळचा आप्त नसल्याचे दिसून आले. त्यानंतर प्रमुख याद्यांनी आपला पक्षी पुनः ‘एक्स्क्युबिटर’मध्ये नेला. पक्षी तोच, बाभूळही तीच. नाव मात्र फिरले.

हा वाद शेतीस निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये. पुस्तकात ‘एक्स्क्युबिटर’च्या आहाराविषयी लिहिलेले असेल, तर ते थंड युरोपातील पक्ष्याविषयी आहे की आपल्या कोरडवाहू माळावरील, हे पाहिल्यावाचून ते शेतकऱ्यांस सांगणे योग्य नव्हे. तसेच दोन वर्षांच्या नोंदींत दोन नावे आली, तर एक पक्षी नाहीसा झाला व दुसरा नव्याने आला, असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

यास्तव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नोंद करताना पुढील गोष्टी लिहाव्यात :

१. गावातील प्रचलित नाव.
२. शास्त्रीय नाव, व ते ज्या पुस्तकातून घेतले त्याचे नाव व साल.
३. ओळखीच्या खुणा. मोठा राखी खाटीक वरून राखी, खालून पांढरा असून पंख काळे व त्यांवर पांढरा डाग असतो. लांब शेपटीच्या खाटकाची कंबर तांबूस असते. लहान खाटकाची पाठ गडद तांबडी असते.
४. स्थळ, तारीख व जवळचे पीक.
५. काट्यावर टोचलेले भक्ष्य कोणते.

खुणा नीट लिहिलेल्या असल्या, म्हणजे उद्या नाव पुनः बदलले तरी नोंद वाया जात नाही. शेतकरी बंधूंनीही बांधावरील बोरी-बाभळी सरसकट तोडू नयेत. नावाचा निर्णय शास्त्रज्ञ करतील. खाटकास टेहळणीसाठी शेंडा व भक्ष्य टोचण्यासाठी काटा राखणे मात्र आपल्या हाती आहे.