अपृष्ठवंशी प्राण्यांतील पेप्टाइडे आणि तंत्रिका कोशिकेची उत्तेज्यता

जळकोटच्या परिसरात ओढ्याकाठी व शेताच्या बांधांत बिळे करून राहणारा गोड्या पाण्यातील खेकडा मराठवाड्यातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यास चांगलाच परिचित आहे. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात आर. नागभूषणम् व त्यांचे सहकारी यांनी बॅरिटेल्फ्युसा प्रजातीच्या खेकड्यांतील तंत्रिकास्रावावर दीर्घकाळ संशोधन केले. नेत्रवृंत काढून टाकावयाचे, त्याचा अर्क पुन्हा टोचावयाचा आणि रक्तशर्करा, अंडाशयाची वाढ वा कात टाकणे यांवरील परिणाम मोजावयाचा, ही अशा अभ्यासाची सर्वमान्य रीत होय. या रीतीने स्रावाचे अस्तित्व सिद्ध होते. तो एकेका तंत्रिका कोशिकेवर काय करतो, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

ॲसिटिलकोलिनासारखा शीघ्र प्रेषक पदार्थ आयनमार्ग काही सहस्रांश सेकंद उघडतो व त्याचे कार्य संपते. पेप्टाइडाची गती बहुधा निराळी असते. ते पटलावरील ग्राहीशी संयोग पावते, कोशिकेत चक्रीय एएमपीसारखा दुय्यम दूत निर्माण होतो आणि आयनमार्गांचे वर्तन काही सेकंद, प्रसंगी कित्येक मिनिटे बदलून जाते. कोशिकेचे विश्राम-वर्चस् फारसे न हलताही तीच प्रेरणा पूर्वी एक आवेग उत्पन्न करीत असेल, तर आता पाच करील, किंवा एकही करणार नाही. उत्तेज्यता बदलणे ते हेच.

मग अमुक पेप्टाइड उत्तेजक, तमुक निरोधक, अशी वाटणी करता येईल काय? येत नाही. प्राइस व ग्रीनबर्ग यांनी १९७७ मध्ये मॅक्रोकॅलिस्टा या समुद्री शिंपल्यातून एफएमआरएफ-अमाइड हे अवघ्या चार अमिनो अम्लांचे पेप्टाइड वेगळे केले. ॲप्लिसिया या समुद्री गोगलगायीच्या संवेदी कोशिकांत सेरोटोनिन पोटॅशियमाचे विशिष्ट मार्ग बंद करून उत्तेज्यता वाढविते; एफएमआरएफ-अमाइड ॲराकिडोनिक अम्लाच्या चयापचयजांकरवी तेच मार्ग उघडते, आणि उत्तेज्यता घटते. उलट हेलिक्स या भूचर गोगलगायीत हेच पेप्टाइड कोणत्याही दूतावाचून सोडियमाचा मार्ग थेट उघडते व कोशिकेस उत्तेजित करते; या मार्गाचे जनुक १९९५ मध्ये हाती आले. रेणू एकच, परिणाम परस्परविरुद्ध. निर्णय ग्राहीचा व त्याच्याशी जोडलेल्या आयनमार्गाचा असतो.

प्रॉक्टोलिनाची कथा अधिक बोधप्रद आहे. ब्राउन व स्टॅरॅट यांनी १९७५ मध्ये सुमारे सव्वा लाख झुरळांपासून जेमतेम १८० मायक्रोग्रॅम प्रॉक्टोलिन मिळविले! पुढे त्याचा सूक्ष्म अभ्यास झाला तो कॅन्सर बोरिॲलिस या समुद्री खेकड्याच्या जठरगुच्छिकेत, जेथे कोशिका केवळ सव्वीसच्या आसपास असतात. गोलोवाश व मार्डर यांनी १९९२ मध्ये दाखविले की, प्रॉक्टोलिनाने सुरू होणारा अंतर्मुख प्रवाह वर्चस्-अवलंबी आहे. वर्चस् अधिक ऋण असताना बाहेरील कॅल्शियम तो अडवून धरते. वर्चस् आवेगाच्या सीमेकडे सरकू लागले की प्रवाह वाढतो. म्हणजे स्वस्थ कोशिकेस तो जवळजवळ स्पर्शही करीत नाही, पण उद्युक्त होऊ लागलेल्या कोशिकेस पुढे रेटतो. निरनिराळ्या ग्राहींची अनेक पेप्टाइडे याच एका प्रवाहावर येऊन मिळतात, हे २००० मध्ये स्वेन्सन व मार्डर यांनी स्पष्ट केले. कोणत्या कोशिकेवर कोणता ग्राही आहे, त्यानुसार संपूर्ण गुच्छिकेची लय निराळी उमटते.

या गुच्छिकेची लय मंद असेल तर प्रॉक्टोलिन स्रवणारी कोशिका ती पुष्कळ वाढविते. लय आधीच जलद असेल तर फारसा फरक पडत नाही, असे नुस्बाम व मार्डर यांना १९८९ मध्येच आढळले होते. नेत्रवृंताचा अर्क तर अनेक पेप्टाइडांचे मिश्रण. तेव्हा खेकडा ज्येष्ठाच्या उन्हात बिळातून काढला की श्रावणात वाहत्या ओढ्यातून, तो कात टाकण्याच्या कोणत्या अवस्थेत होता आणि टोचण्यापूर्वी त्याच्या हृदयाची गती किती होती, या नोंदींवाचून दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांची तुलना करता येत नाही.