इथे सुट्टे चालत नाहीत!

‘सुट्टे द्या!’ बसमध्ये कंडक्टरकाकांचं हे वाक्य आपण रोज ऐकतो. पण असाही एक कंडक्टर आहे, जो सुट्टे घेत नाही आणि देतही नाही. त्याचा सगळा व्यवहार पूर्ण नोटांमध्ये. त्याचं नाव सुपरकंडक्टर!

बारावीनंतर फिजिक्सला रामराम ठोकून मी मास कॉमला आले. त्यामुळे घाबरू नका, गणित येणार नाही.

१९११ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडेनला कामरलिंग ओनेस यांनी पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला आणि त्याचा विजेला होणारा विरोध एकदम गायब झाला. १९३३ मध्ये माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांना कळलं, की असे पदार्थ चुंबकक्षेत्रालाही आपल्या आतून बाहेर हाकलतात.

मग अशा धातूचं कडं केलं तर? धातू चुंबकक्षेत्राला हाकलणार, पण मधलं भोक तर मोकळंच! कडं चुंबकाजवळ थंड करा आणि मग चुंबक काढून घ्या. भोकातलं क्षेत्र तिथेच अडकून राहतं, कारण कड्यात वीज फिरू लागते आणि तिला अडवणारं कुणीच नसतं. एमआरआय मशीनच्या वेटोळ्यातली वीज अशीच वर्षानुवर्षं फिरत राहते.

पण किती क्षेत्र अडकेल? ‘हवं तेवढं नाही, ठरावीक नोटेच्या पटीतच,’ असं भाकीत फ्रिट्झ लंडन यांनी १९५० मध्ये केलं. पंचाईत अशी, की ही नोट फारच छोटी. बोटातल्या अंगठीएवढं कडं पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रासमोर धरलं, तर त्यातून सुमारे चाळीस लाख नोटा जातात. त्यात एक कमी-जास्त झाली तर कळणार कसं?

उपाय एकच, कडं बारीक करायचं. स्टॅनफर्डमध्ये बॅस्कम डीव्हर या पीएचडीच्या विद्यार्थ्याने प्रा. विल्यम फेअरबँक यांच्यासोबत केसाहून बारीक कथिलाच्या नळ्या घेतल्या. तिकडे जर्मनीत डॉल आणि नॅबावर हेच करत होते. १९६१ मध्ये दोघांचे निबंध एकाच जर्नलच्या एकाच अंकात आले. नोटा खरंच होत्या! फक्त लंडन यांनी सांगितलं त्याच्या निम्म्या किमतीच्या.

आणि खरी बातमी त्या ‘निम्म्या’तच होती. लंडन यांनी एकेकटा इलेक्ट्रॉन धरला होता. पण सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात, असं १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी मांडलं होतं. निम्म्या नोटेने त्यावर शिक्का मारला.

मग बाहेरून चुंबकक्षेत्र वाढवत नेलं, तर ते कड्यात शिरतं कसं? बऱ्याच सुपरकंडक्टरमध्ये ते बारीक भोवऱ्यांच्या रूपात कडेकडून आत सरकतं. प्रत्येक भोवरा म्हणजे एक नोट. ऑस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी मॅग्नेशियम डायबोराइडच्या पातळ कड्यांचे फोटो काढले, तेव्हा मात्र क्षेत्र झाडाच्या फांद्यांसारखं एका क्षणात आत घुसताना दिसलं. कारण सरकणारा भोवरा उष्णता तयार करतो, त्या उष्णतेने ती जागा कमकुवत होते आणि तिथूनच आणखी भोवरे घुसतात. एकाने ढकललं की मागची अख्खी गर्दी आत, अगदी लोकलच्या दारातल्यासारखं! फांदी भोकापर्यंत पोचली, की कड्याने अडवून धरलेलं क्षेत्र आत ओतलं जातं.

पण ही कमकुवत जागा आपणच मुद्दाम ठेवली तर? १९६४ मध्ये कड्यात अशी दोन नाजूक दारं ठेवून ‘स्क्विड’ हे उपकरण तयार झालं. बाहेरचं क्षेत्र एका नोटेहून कितीतरी कमी बदललं, तरी त्याचं व्होल्टेज हलतं. मेंदूचं चुंबकक्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून कोट्यवधी पटींनी क्षीण असतं, तरी स्क्विडला ते जाणवतं. एपिलेप्सीच्या पेशंटच्या मेंदूत झटका नेमका कुठून सुरू होतो, हे ऑपरेशनआधी शोधायला डॉक्टर त्याचीच मदत घेतात.

सुट्टे न देणाऱ्या कंडक्टरवर आपण वैतागतो. पण हा कंडक्टर सुट्टे देत नाही, म्हणून तर कुणाचं तरी ऑपरेशन योग्य जागी होतं!